सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे! जपानी हॉटेलात पहिल्यांदा जाणार असाल तर आधी हे वाचा

भैंसा : बासरच्या ट्रिपल आयटीतून, निर्मल-नांदेडच्या कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेली भैंसा, मुधोळ, तानूर, कुबीर भागातली पोरं-पोरी आज हैदराबाद आणि पुण्यात नोकरीला आहेत. ऑफिसची पार्टी म्हटलं की पूर्वी बिर्याणी ठरलेली असायची. आता कुणीतरी सुशीचं नाव काढतो. काळ्या पाटीवर मांडलेल्या भाताच्या वड्यांचा फोटो घरच्या ग्रुपवर पडतो आणि गावाकडून पहिला प्रश्न येतो, "कच्चा मासा खाल्लास काय रे?"

प्रश्न बरोबरच आहे. पण त्यामागं आणखी चार प्रश्न असतात, ते कुणी उघड विचारत नाही. काड्यांनी खाता आलं नाही तर हसं होईल का? माळकऱ्यानं, जैनानं, हलाल पाळणाऱ्यानं तिथं बसून नेमकं काय मागवायचं? पोट बिघडणार नाही ना? आणि बिल आलं की महिन्याचा हिशेब तर कोलमडणार नाही? भैंशात जपानी हॉटेल नाही आणि समुद्र चारी दिशांना शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळं विचारायचं तरी कुणाला, ही अडचण खरी आहे.

आंबट भाताची गोष्ट

सुशी या शब्दाचा माशाशी काही संबंध नाही. जुन्या जपानीत त्याचा अर्थ 'आंबट' असा होतो. व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवलेला चिकटसर भात म्हणजे सुशी. त्यावर मासा ठेवा, अंड्याची पोळी ठेवा नाहीतर आत नुसती काकडी भरा, भात तो असला की सुशीच. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप ताटात आले तर त्याला साशिमी म्हणतात. मेन्यूवर हे दोन शब्द वेगळे ओळखता आले की निम्मी भीती जाते.

हा आंबटपणा आला कुठून, ते आपल्या भागातल्या माणसाला चटकन समजेल. मूळ पद्धत मेकाँग नदीच्या खोऱ्याकडची असावी, असं अभ्यासक मानतात. पावसाळ्यात भातखाचरांत मासे भरपूर, नंतर वर्षभर टंचाई. मग मासा मीठ लावून शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचा. भात आंबला की त्या आंबटपणामुळं मासा सडत नसे. इडलीचं पीठ रात्रीतून येतं, आंबील आंबते, तिथं जे जिवाणू काम करतात त्याच जातीचे इथंही. जपानातल्या बिवा नावाच्या मोठ्या तळ्याकाठी ही जुनी रीत अजून टिकून आहे. 'फुनाझुशी' म्हणतात तिला. त्यातला मासा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. तो वर्ष-वर्ष, कधी त्याहून जास्त भातात मुरवतात. वास असा की जपान्यांतही सगळे जवळ करत नाहीत.

म्हणजे सुशीचा पणजोबा समुद्रकाठचा नव्हता. तो तळ्याकाठच्या भातकऱ्यांचा होता, आणि कच्चा ताजा नव्हे तर खारवून आंबवलेला होता.

पुढं लोकांना वर्षभर थांबायला वेळ राहिला नाही. भात आंबण्याची वाट बघण्यापेक्षा वरून व्हिनेगर ओतायला सुरुवात झाली. १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताचा गोळा हातानं दाबून वर माशाचा तुकडा ठेवून विकायची चाल पडली. हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव त्यासाठी घेतलं जातं. हे 'निगिरी'. तेव्हा ते रस्त्यावरचं, घाईतलं खाणं होतं, मुंबईकराच्या वडापावसारखं. तुकडा आजच्या दोन-तीन पट मोठा असायचा, आणि बर्फ नसल्यानं मासा बहुतेक वेळा व्हिनेगरमध्ये नाहीतर सोया सॉसमध्ये मुरवलेला किंवा उकडलेला असायचा. आज जे हॉटेलात जरा जास्तच भक्तिभावानं वाढलं जातं, त्याचं मूळ गाड्यावरचं आहे.

गाड्यावरून ते महागड्या काउंटरवर गेलं आणि १९५८ मध्ये पुन्हा खाली उतरलं. योशिआकी शिराइशी या ओसाकाच्या हॉटेलवाल्यानं बिअरच्या कारखान्यातला फिरता पट्टा पाहिला आणि तसाच आपल्या हॉटेलात बसवला. बशा फिरत येतात, गिऱ्हाईक हवी ती उचलतं, शेवटी रिकाम्या बशा मोजून बिल. मेन्यूतले बाहेरून भात आणि आत काळा कागद असलेले जाड रोल मात्र अमेरिकेकडचे. १९६०-७० च्या दशकांत तिकडच्या गिऱ्हाइकांना समुद्री शेवाळाचा तो काळा पापुद्रा, म्हणजे 'नोरी', डोळ्यांसमोर नको होता, म्हणून तो आत लपवला, असं सांगतात. आपल्याकडं त्यात पनीर, मेयोनीज, तंदुरी चिकनही घुसलं. भारतात सुशीची मोठी चर्चा झाली ती २००४ मध्ये, मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये 'वसाबी बाय मोरिमोतो' सुरू झालं तेव्हा. त्यानंतर पंचतारांकित हॉटेलांतून मॉलमध्ये आणि मॉलमधून मोबाईलच्या ॲपवर यायला तिला फार वर्षं लागली नाहीत.

भीती कोणत्या माशाची धरायची?

इथं थोडं थांबून वाचा, कारण हा भाग तब्येतीचा आहे.

कच्चा मासा म्हणजे अगदी ताजा मासा, असा सगळ्यांचा समज. जपानी हॉटेलात कच्चा दिला जाणारा मासा बऱ्याचदा आधी कडक गोठवलेला असतो आणि ते त्याच्या भल्याचंच असतं. समुद्री माशांत अनिसाकिस नावाच्या कृमीची अळी असू शकते. ती पोटात गेली तर काही तासांत भयंकर कळा येतात. ती मारायला एकतर मासा शिजवायचा नाहीतर गोठवायचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सांगितलेलं माप असं : उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांला घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास. काही जातींच्या ट्यूनाला आणि गोळीखाद्यावर वाढवलेल्या माशांना त्यात सूट आहे. ट्यूना तर उणे ६० अंशांच्या शीतगृहांत महिनोन्महिने ठेवला जातो.

सुशीवरचा केशरी सामन मासा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचीही एक मजा आहे. जपानी लोक पूर्वी सामन कच्चा खातच नसत, कारण त्यांच्या समुद्रातल्या सामनमध्ये कृमी असायचे. १९८० च्या दशकात नॉर्वेकडं पाळीव सामन जास्त झाला. तो तयार खाद्यावर वाढलेला, त्यामुळं कृमींचा धोका फार कमी. नॉर्वेनं वर्षानुवर्षं खटपट करून तो जपान्यांच्या गळी उतरवला. आज जगभर सुशी म्हटलं की सामनच डोळ्यांपुढं येतो. परंपरा म्हणून दाखवली जाणारी ही गोष्ट अशी चाळीस वर्षांची आहे.

आता आपल्याकडचं. गड्डेन्ना-सुद्दवागू प्रकल्पातला, श्रीरामसागरातला नाहीतर गावतळ्यातला मासा कितीही फडफडता असला तरी तो कच्चा खायचा नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहून घरी सुशी करायची हौस असेल तर हे आधी घरात सांगून ठेवा. गोड्या पाण्यातल्या माशांचे कृमी समुद्रातल्यांपेक्षा जास्त छळतात. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या नदीमाशाचा 'कोई प्ला' हा पदार्थ आवडीनं खाल्ला जातो. त्यातून यकृतात शिरणारे कृमी आणि पुढं पित्तनलिकेचा कॅन्सर, हे तिथलं मोठं दुखणं आहे. आपली मरळ, तेलुगूत कोर्रमेनू, हा तेलंगणाचा राज्यमासा. तिच्याच कुळातले मासे कच्चे खाल्ल्यानं थायलंडमध्ये आणि एकेकाळी जपानमध्येही नॅथोस्टोमा नावाच्या कृमीची लागण झालेली आहे. त्याची अळी कातडीखाली फिरते आणि क्वचित डोळ्यांत किंवा मेंदूतही पोचते.

लिंबू पिळलं, व्हिनेगरमध्ये बुडवलं म्हणून अळी मरेल याची खात्री नसते. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा, त्यात उन्हाळ्यातलं लाईट जाणं-येणं, तो उणे २० अंशांवर सात दिवस टिकत नाही. मरळीचा रस्सा चांगला खदखदू द्या, पोटभर खा, त्यात काही भ्यायचं नाही.

हॉटेलातही गरोदर बायका, केमोथेरपी किंवा अवयवरोपणाची औषधं चालू असलेली माणसं, लहान मुलं आणि फार म्हातारी मंडळी यांनी कच्चा मासा टाळावा. गोठवल्यानं कृमी मरतात, पण सगळे जिवाणू मरत नाहीत. माशाला आंबूस, अमोनियासारखा वास आला किंवा तुकडा कोमट लागला, तर वेटरला सांगून परत पाठवायला लाजायचं कारण नाही.

टेबलावर बसल्यावर

आधी ओला, बहुतेक वेळा गरम रुमाल येतो. तो हात पुसायला. तोंड-मान पुसली तर कुणी हाकलून देणार नाही, पण रीत हातापुरती आहे.

काड्यांची धास्ती घ्यायची गरज नाही. निगिरी हातानं खाणं ही जुनी आणि मान्य पद्धत आहे, टोकियोतल्या काउंटरवरही लोक तसंच खातात. बोटांनी घास घेण्यात आपल्याला कुणी शिकवायला नको. काड्या घेतल्याच तर भातात उभ्या रोवू नका. जपानात मृतासाठी ठेवलेल्या भातात काड्या तशा उभ्या करतात, त्यामुळं ते अशुभ मानलं जातं. सोया सॉस वाटीभर ओतून त्यात भात बुडवला की भात विस्कटतो आणि तोंड खारट होतं. तुकडा उलटा करून माशाची बाजू जराशी लावायची. बाजूला गुलाबी-पांढऱ्या चकत्या असतात, ते व्हिनेगरमधलं आलं. एक चव झाली की दुसरीच्या आधी तोंड साफ करायला ते खातात.

आणि हिरवा गोळा. बहुतेकांची फजिती इथं होते. धर्माबादची मिरची पचवलेला माणूस चटणी समजून चमचाभर तोंडात टाकतो आणि पुढचं मिनिटभर नाक-डोळे पुसत बसतो. मिरचीचा जाळ जिभेवर राहतो, वसाबीचा सरळ नाकात चढतो. ही झणझण आपल्याला नवी नाही. लोणच्यासाठी मोहरी फेसताना डोक्यात जाते ना, तीच. वसाबी ही मोहरीच्याच कुळातली वनस्पती. खरी वसाबी थंड वाहत्या पाण्याजवळ वाढते, महाग असते आणि किसल्यावर थोड्या वेळात तिचा दम जातो. त्यामुळं बहुतेक हॉटेलांत वसाबी म्हणून मिळतं ते हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण. फसवणूक म्हणावं इतकं ते लपलेलं नाही, पण त्यासाठी वेगळे पैसे लावले तर विचारायला हरकत नाही.

माळकरी, जैन, हलाल : काय विचारायचं?

काकडीचा रोल, अव्होकाडोचा रोल, ॲस्परॅगस, टोफू, मुळ्याचं पिवळं लोणचं घातलेला रोल, यात मासा नसतो. नोरी हे समुद्री शेवाळ, वनस्पतीसारखंच. पण 'व्हेज' एवढ्या एका शब्दावर विसंबून चालत नाही, कारण जपानी स्वयंपाकात मासा दिसत नाही तिथंही असतो.

मिसो सूप सोयाबीनचं, म्हणून माळकरी निर्धास्त पितो. त्याचं पाणी मात्र बहुतेक वेळा 'दाशी' असतं, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचा अर्क. रोलवर चिकटलेले केशरी बारीक दाणे रंगीत खसखशीसारखे दिसतात, ती माशाची अंडी असतात. तेम्पुराच्या पिठात अंडं असू शकतं, आणि भाज्या कोळंबीच्याच कढईत तळलेल्या असू शकतात. जपानी मेयोनीजमध्ये अंडं असतं. जैनांनी कांदा-लसणाबरोबर आलं आणि मुळाही विचारून घ्यावा.

हलाल पाळणाऱ्यांसाठी मासा हा प्रश्न नसतो, अडचण बाटलीतली असते. 'मिरिन' आणि 'साके' ही तांदळाची दारू सॉसमध्ये, कधी भातातही घालतात. सामनवर लावलेला गोडसर चकचकीत तेरियाकी रस बऱ्याचदा मिरिनचाच. रामेन नूडल्सचा दाट पांढरा रस्सा डुकराच्या हाडांचा असू शकतो, हे तर सगळ्यांनीच विचारावं. हे प्रश्न ऑर्डर देण्याआधी स्पष्ट विचारायचे. बरं स्वयंपाकघर असेल तर वेटर आत जाऊन विचारून येतो. "सगळं चालतं सर" असं जागच्या जागी उत्तर मिळालं तर काकडीच्या रोलवर थांबलेलं बरं.

खेकड्याची गोष्ट त्याच्या उलट आहे. लाल-पांढऱ्या 'क्रॅब स्टिक'मध्ये बहुधा खेकडा नसतोच. पांढऱ्या माशाचं मांस धुऊन, वाटून त्याचा लगदा करतात, त्याला 'सुरिमी' म्हणतात. त्यात पीठ, अंड्याचा पांढरा भाग आणि खेकड्याचा स्वाद घालून कांड्या पाडतात. या धंद्यात रत्नागिरीचं नाव मोठं आहे. तिथली गद्रे मरीन ही कंपनी कोकण किनाऱ्यावरच्या राणी माशासारख्या माशांपासून सुरिमी करून जपानसह अनेक देशांत पाठवते आणि तिच्या क्रॅब स्टिक आपल्याकडच्या दुकानांतही मिळतात. हैदराबादच्या मॉलमध्ये 'जपानी' म्हणून तोंडात टाकलेला तुकडा रत्नागिरीहून आलेला असू शकतो. मेन्यूवर इतकं लिहायला कुणाला सुचत नाही, एवढंच.

बिल

सहा-आठ तुकड्यांचा साधा व्हेज रोल मोठ्या शहरांतल्या मध्यम हॉटेलांत चारशे-पाचशे रुपयांपासून पुढं असतो, सामनचा त्याहून वर. एका रोलमध्ये भात साधारण वाटीभर. शेतातून आलेल्या माणसाची भूक त्यानं भागत नाही. चौघांत दोन-तीन रोल चवीला आणि बाकी नूडल्स किंवा फ्राइड राइस, असं मागवलं तर पोटही भरतं आणि खिसाही वाचतो. मेन्यूवर 'ओमाकासे' दिसलं तर किंमत आधी विचारा. त्याचा अर्थ 'तुमच्यावर सोपवलं', म्हणजे आचारी देईल ते खायचं आणि सांगेल ते भरायचं.

महाग का, याचं उत्तर बरंचसं थंडीत आहे. सामन परदेशातून, बऱ्याचदा विमानानं येतो. उतरल्यापासून ताटात पडेपर्यंत त्याची थंडी कुठंही तुटता कामा नये. मासा कापणारा हात शिकलेला लागतो, आणि उरलेला माल दुसऱ्या दिवशी खपवता येत नाही. म्हणूनच अर्ध्या किमतीत 'अनलिमिटेड सुशी' दिसली तर खूश होण्याआधी जरा विचार करावा. तिथं शिजवलेल्या आणि भाज्यांच्या रोलवर ताव मारा, कच्चा मासा सोडून द्या.

बिलात स्वतंत्र हॉटेलात ५ टक्के जीएसटी लागतो. दिवसाला साडेसात हजारांहून जास्त खोलीभाडं असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. 'सर्व्हिस चार्ज' ही वेगळी ओळ असेल तर ती सरकारी कर नाही. ग्राहकाला न विचारता ती बिलात घालू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. काढायला सांगा. नाही काढली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

उरलेले तुकडे बांधून गावाकडं न्यायचा मोह अनेकांना होतो, घरच्यांना चव दाखवायची म्हणून. हैदराबादहून भैंशाला यायला बसला पाच-सहा तास लागतात, आणि एप्रिल-मे महिन्यात ती भट्टी असते. कच्च्या माशाचा डबा त्या प्रवासात विष होऊ शकतो. घरच्यांना खाऊ घालायचंच असेल तर नोरीचं पाकीट आणि जपानी तांदूळ ऑनलाइन मिळतात. तांदूळ मऊ शिजवून गरम असतानाच व्हिनेगर, साखर, मीठ कालवायचं, झाकून गार होऊ द्यायचा, काकडीची लांब फोड ठेवून गुंडाळायचं आणि ओल्या सुरीनं कापायचं. सोबत वसाबी नसली तरी घरची फेसलेली मोहरी आहेच.